कोकिळाचा हात लागला म्हणून

शरयू एसटीतून उतरून कॉलेजच्या फाटकाशी पोचली, तेव्हा राष्ट्रगीत संपलं होतं आणि कर्ण्यातून प्राचार्य वैजनाथ सरांचा आवाज येत होता.

"...आज दुपारी बाहेरगावचे परीक्षक येणार, आणि आपला संगणक कालपासून बंद! कोणामुळे? बारावीच्या कोकिळा पुंजाजी या मुलीमुळे. एका मुलीच्या हलगर्जीपणानं सगळ्यांचं वर्ष धोक्यात आलं आहे. तिच्या वडिलांना बोलावून घेतलं आहे."

कर्ण्याचं तोंड रस्त्याकडे होतं. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं कप हातात धरून ऐकत होती. अमडापूरच्या बाजारात आता हे नाव संध्याकाळपर्यंत फिरणार, हे शरयूला कळलं आणि तिचं डोकं तिथेच तापलं.

ती रोज चिखलीहून यायची. अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, वडील तहसिलीत कारकून. पंच्याण्णव साल होतं. आदल्या वर्षी कॉलेजात व्यवसाय शाखा निघाली, तिच्यासाठी एक संगणक आला आणि तो शिकवायला तासिकांवर शरयू आली. पूर्ण गावात तेवढा एकच संगणक. लाल मखमली झाकण, खिडकीला जाड पडदा, दाराबाहेर चपलांची रांग, आणि किल्ली प्राचार्यांच्या खिशात. परीक्षेच्या कामासाठी शरयू काल, सोमवारी, बुलढाण्याला गेली होती. मशीन बंद पडल्याचं ती आत्ता, कर्ण्यावरूनच ऐकत होती.

वर्ग भरले तशी ती तडक प्राचार्यांच्या खोलीत गेली.

टेबलासमोर कोकिळा उभी होती. तिच्या डाव्या गालावर बोटं उमटली होती. शेजारी तिचे वडील पुंजाजी टोपी हातात धरून उभे होते. दोन्ही पायांना ओल्या मातीचे बूट चढले होते. गव्हाला पाणी देता देता कोणीतरी त्यांना बोलावून आणलं असणार. टेबलावर एक लिहिलेला कागद आणि त्यावर उघडा पेन.

"कर सही," पुंजाजी म्हणाले. "सही कर अन् घरी चाल. लय झालं शिक्षण."

"म्या काई केलंच नाई तं माफी काऊन मागू?" कोकिळा म्हणाली. ती रडत नव्हती. दात आवळून बोलत होती.

"पाह्यलं?" वैजनाथ सर शरयूकडे वळले. "बरं झालं आलात. ही तुमची हुशार विद्यार्थिनी. एवढं नुकसान करून वर उत्तरं देते. माफीनामा दिल्याशिवाय मी हिला परीक्षेला बसू देणार नाही."

"मशीनला झालंय काय, सर?"

"व्हायरस असेल. पोरी कुठल्या कुठल्या फ्लॉप्या आणतात."

"आमच्या फ्लॉप्या तुमच्याच कपाटात राह्यतात," कोकिळा म्हणाली.

पुंजाजींचा हात पुन्हा वर गेला. शरयू मध्ये उभी राहिली. "दादा, थांबा. हात खाली घ्या आधी." मग कोकिळाला विचारलं, "काल काय काय झालं, सगळं क्रमानं सांग."

"सरांनी दार उघडलं. पयला नंबर माझा होता. म्या स्विच दाबला. आकडे मोजून झाले. मंग डॉस सुरू होते अशी ओळ आली, तिच्याखाली मेमरी तपासून राह्यलो अशी ओळ आली, अन् तिथंच थांबलं. कितीक वेळ वाट पाह्यली. तीन बटनं एका खेपी दाबली, तुम्ही शिकोलं तशी. तरी हाललं नाई. मंग सर धावत आले अन् मनाले, काय केलं वं तू."

"म्हणजे तू काही उघडायच्या आधीच ते अडकलं."

"हाव."

शरयूनं हात पुढे केला. "सर, किल्ली द्या."

"नको, नको. आता कोणी हात लावायचा नाही. शंकररावांच्या पुतण्याला निरोप दिलाय. चिखलीला त्याचे कॉम्प्युटरचे क्लास आहेत. तो येईल, बघेल."

शंकरराव म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. मोठी बागायत, बसस्टँडमागे बंगला, दारात जीप.

"तो कधी येईल?"

"येईल चार-दोन दिवसांत."

"परीक्षक दुपारच्या गाडीनं येताहेत! सर, ते मशीन मी शिकवते. ते का अडलं हे मी बघणार नाही तर कोण बघणार? किल्ली देत नसाल तर मी परीक्षकांना सांगते, की मला खोली उघडू दिली नाही."

वैजनाथ सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पुंजाजींकडे. किल्ली त्यांनी हातात दिली नाही, टेबलावर टाकली.

संगणकाच्या खोलीत सगळे आले. शरयूनं झाकण काढून खुर्चीवर फेकलं आणि स्विच दाबला. पडद्यावर मेमरीचे आकडे चढत गेले, पूर्ण आठ हजारांच्या वर जाऊन थांबले. डॉस सुरू होत असल्याची ओळ आली. मेमरी तपासत असल्याची ओळ आली. आणि मशीन गप्प झालं. नुसता पंखा फिरत होता. कोकिळानं सांगितलं होतं तिथेच, तसंच.

"पाहा," वैजनाथ सर म्हणाले.

"पाहतेय."

तिनं मशीन बंद केलं, मशीन सुरू करणारी डॉस प्रणाली असलेली आपली फ्लॉपी खणात घातली आणि पुन्हा सुरू केलं. खण गुरगुरला. या वेळी मशीन फ्लॉपीवरून झटक्यात सुरू झालं. तिनं आतल्या डिस्कवरची यादी मागवली. वर्गातल्या एकेका मुलीच्या नावाची फाईल खाली उतरत गेली.

"डिस्क शाबूत आहे. कुणाचं काहीही पुसलं गेलेलं नाही," ती म्हणाली. व्हायरस शोधणारी फ्लॉपीही तिनं लावली. काही सापडलं नाही. "व्हायरसही नाही."

"मग काय आहे?" सरांच्या आवाजात आता घाई होती.

फ्लॉपी काढून शरयूनं मशीन तिसऱ्यांदा सुरू केलं आणि पहिली ओळ दिसताच एक बटन दाबलं. असं केलं की मशीन सुरुवातीच्या सूचना एकदम न वाचता एकेक करून विचारायचं, ही घेऊ की नको? मेमरीची सूचना आली. शरयूनं 'नको' दाबलं. बाकीच्यांना 'हो'. मशीन निमूट सुरू झालं.

"झालं की!" पुंजाजी म्हणाले.

"नाही झालं, दादा. ती सूचना वगळली तर विंडोज चालत नाही, आणि परीक्षा विंडोजवर आहे. पण बिघाड कुठे आहे ते कळलं. याच्या मेमरीत आहे. ती आत असते, पेटीच्या पोटात. बटनं दाबून ती बिघडत नाही." ती वैजनाथ सरांकडे वळली. "कोकिळानं दिवसभर बटनं दाबली असती तरी बिघडली नसती."

"असं कसं सांगता येईल..."

"उघडून दाखवते."

"उघडायचं नाही! शासनाचं मशीन आहे!"

पण शरयूनं मशीन बंद करून, वायर काढून पेटी आधीच फिरवली होती. मागे चार स्क्रू असायला हवे होते. एकच होता, तोही अर्धवट पिळलेला. तिचा हात थांबला. तिनं पर्समधून छोटा पेचकस काढला, तो एक स्क्रू सोडवला आणि पत्रा वर उचलला.

मशीन आलं तेव्हा तिनं कंपनीच्या माणसाला पेटी उघडायला लावून मुलींना आतलं सगळं दाखवलं होतं. मेमरीच्या आठ पट्ट्या, ओळीनं, सगळ्या एकसारख्या, हिरव्यागार. आता पुढच्या चार तशाच होत्या. मागच्या चार तपकिरी होत्या, जुन्या. त्यांतल्या एकीच्या कडेला काळपट डाग होता.

कोकिळा वाकून पाहत होती. "मॅडम, ह्या चार आपल्या नाईत."

"नाहीत."

"कोणीतरी बदलल्या."

"हो."

दाराशी झाडू घेऊन पुष्पाबाई उभी होती. कॉलेजची झाडलोट तिच्याकडे होती आणि मघापासून ती तिथेच रेंगाळत होती.

"शनवारी जीपमंधी गेलं होतं ना हे मशीन," ती म्हणाली. "बंगल्यावर. पुतनीच्या लग्नाच्या पत्रिका हायेत मने, त्याच्यावरची नावं छापाले. तो चिखलीवाला पुतन्या घ्याले आला होता. रविवारी दिवस बुडता बुडता आनून ठेवलं. मीच तं दार धरलं."

"पुष्पाबाई, तुम्ही तुमचं काम करा!" वैजनाथ सर ओरडले.

"कामच करून राह्यली, सर," म्हणून ती दोन पावलं मागे सरली, पण गेली नाही.

शरयू सरांकडे वळली. "सर, शनिवारी मशीन बाहेर गेलं होतं?"

"अध्यक्षांनी मागितलं. नाही कसं म्हणणार? संस्था त्यांची आहे."

"आणि सोमवारी ते सुरू होईना, तेव्हा तुम्हाला शनिवार आठवला नाही? ही मुलगी आठवली?"

"मॅडम, आवाज खाली ठेवा."

"कर्ण्यावरून बोललात ना तुम्ही! तेव्हा आवाज खाली ठेवायचं नाही सुचलं?"

ती पुन्हा मशीनकडे वळली, कारण तिथे आणखी एक क्षण उभी राहिली असती तर तोंडातून भलतंच काही गेलं असतं. खाली बसून तिनं तपकिरी पट्ट्यांचे खटके सोडवले आणि चारही पट्ट्या काढून रुमालात ठेवल्या. उरलेल्या चारांवर मशीन चालणार होतं, हळू का होईना. तिनं स्विच दाबला. मेमरी कमी भरते अशी तक्रार पडद्यावर आली. तिनं सेटिंगमध्ये जाऊन नवा आकडा मान्य केला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. आकडे चढले, निम्म्यावर थांबले. डॉसची ओळ. मेमरी तपासण्याची ओळ. ती ओळ ओलांडून मशीन पुढे गेलं. मग रखडत, कुरकुरत विंडोज उघडलं.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे पुंजाजींकडे पाहत होते.

पुंजाजी कोकिळाच्या गालाकडे पाहत होते.

"साहेब," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की वैजनाथ सरांना पुढे झुकावं लागलं. "तुमाले ठाऊक होतं?"

"पुंजाजी, आता मशीन सुरू झालं आहे. विषय संपला."

"म्या विचारून राह्यलो, तुमाले ठाऊक होतं का? मशीन बंगल्यावर गेलतं हे?"

सरांनी खुर्चीवरचं लाल झाकण उचलून झटकलं.

"ह्या पोरीले म्या आजलोक बोट लावलं नव्हतं. हिच्या मायले इचारा. आज साऱ्याईसमोर मारलं. तुमच्या एका शब्दावर मारलं! तुम्ही खुर्चीत बसून पाह्यत होते अन् तुमाले ठाऊक होतं!" शेवटी शेवटी त्यांचा आवाज खोलीत मावेना. ते एक पाऊल पुढे आले. वैजनाथ सर कपाटाला टेकले.

"बाबा," कोकिळा म्हणाली. "मारू नका त्याईले. मारून काई होत नाई."

पुंजाजींनी मुठी आवळल्या, सोडल्या, आणि टोपी डोक्यावर घातली.

दुपारच्या गाडीनं परीक्षक आले. अकोल्याचे, मध्यम वयाचे, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. त्यांनी पाणी प्यायलं, मशीन पाहिलं आणि पहिलं नाव पुकारलं. ते कोकिळाचंच होतं.

कोकिळा दाराबाहेर उभी होती, चप्पल पायात ठेवून.

"मी नाई येत," ती म्हणाली.

शरयू बाहेर धावली. "कोकिळा, वेड लागलंय का? मशीन चालू केलं ते कशासाठी? आत चल."

"सरांनी कर्ण्यावर माझं नाव घेतलं, मॅडम. साऱ्या गावानं आयकलं. आता त्याईनं कर्ण्यावरच सांगायचं, की माझा कसूर नव्हता. तोवर मी बसत नाई."

"ते मी बघते नंतर. तुझं वर्ष जाईल, मूर्ख!"

"जाऊ द्या. मी पास झाली तरी लोक मनतीन, हेच ते मशीन बिघडवनारी. मॅडम, तुम्ही संध्याकायी चिखलीले जाता. मले ह्याच गावातून चालायचं आहे."

शरयूला तिचा राग आला. इतका, की तिला दंडाला धरून आत ओढावं असं वाटलं. तिनं पुंजाजींकडे पाहिलं. सकाळी हेच पुंजाजी 'घरी चाल' म्हणत होते.

"पोरगी बराबर मनते," पुंजाजी म्हणाले आणि व्हरांड्यात खांबाला टेकून बसले. तिथून उठण्याचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

परीक्षक बाहेर आले. "काय प्रकार आहे? या मुलीला गैरहजर मांडू का?"

"मांडा," वैजनाथ सर पटकन म्हणाले.

"नका मांडू," शरयू म्हणाली, आणि तिथेच उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं. शनिवारची जीप, बदललेल्या पट्ट्या, सकाळचा कर्णा. रुमाल उघडून दाखवला. वैजनाथ सर दोनदा मध्ये बोलायला गेले, दोन्ही वेळा ती थांबली नाही.

परीक्षकांना हे लफडं नको होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते चष्मा पुसत राहिले. "हे पाहा, तुमच्या संस्थेच्या भानगडीत मी पडणार नाही," ते शेवटी म्हणाले. "पण मुलगी माझ्यासमोर उभी आहे. हजर असलेल्या मुलीला मी गैरहजर मांडणार नाही. ती बसली नाही तर का बसली नाही, ते मला वर कळवावं लागेल. मी ऐकलं तसंच कळवीन. मशीनसकट. आता तुम्ही ठरवा."

ते आत गेले आणि त्यांनी दुसरं नाव पुकारलं.

वैजनाथ सर व्हरांड्यात उभे राहिले. फाटकापलीकडे टपरीवर सकाळपेक्षा जास्त माणसं जमली होती. पुष्पाबाईनं तिकडे चहा घेताना सगळं सांगून टाकलं होतं. सरांनी घाम पुसला, आपल्या खोलीत गेले आणि थोड्या वेळानं कर्णा खरखरला.

"एक सूचना. आपला संगणक तांत्रिक कारणामुळे बंद होता. तो आता सुरू झाला आहे. धन्यवाद."

कोकिळा खोलीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. "माझं नाव घ्या, सर. सकाळी घेतलं होतं तसं."

माईक चालू होता. सरांचा श्वास बाजारापर्यंत ऐकू जात होता.

"बारावीची कोकिळा पुंजाजी... हिचा यात काही दोष नव्हता. सकाळी मी जे बोललो... ते चुकीचं होतं."

"आता जाते," कोकिळा म्हणाली. तिनं चपला काढल्या, संगणकाच्या खोलीत गेली आणि आपल्या पाळीची वाट पाहत भिंतीशी बसली.

शरयूला मात्र बरं वाटलं नाही. मशीन कोणी नेलं, पट्ट्या कोणी काढल्या, यातलं एक अक्षर कर्ण्यावरून आलं नव्हतं. सगळ्या मुलींची परीक्षा उरकल्यावर ती तोच रुमाल घेऊन गाडीत बसली. चिखलीला उतरून घरी न जाता ती थेट शंकररावांच्या पुतण्याच्या क्लासमध्ये गेली. तिथे पाच-सहा मुलं मशीनसमोर बसली होती. पुतण्या पान खात होता. शरयूनं तपकिरी पट्ट्या त्याच्या टेबलावर ठेवल्या.

"या तुमच्या. आमच्या द्या."

त्यानं पट्ट्यांकडे पाहिलं, हसला. "मॅडम, काय बोलून राह्यल्या? काकांशी बोला तुम्ही."

"तुमच्या काकांनी पेचकस नाही चालवला. तुम्ही चालवला. तेही धड नाही, तीन स्क्रू हरवून आलात." ती मुलांकडे वळली. "याच मशीनमध्ये असतील बघा, अमडापूरच्या पोरींच्या चार पट्ट्या. त्यांच्यावर शिकताय तुम्ही."

मुलं पडद्याकडे पाहू लागली. पुतण्याचं हसू गेलं, पण तो उठला नाही आणि त्यानं काही दिलंही नाही. पट्ट्या शेवटपर्यंत परत आल्या नाहीत. कॉलेजचं मशीन निम्म्या मेमरीवरच चालत राहिलं.

मे महिन्यात संस्थेनं शरयूला कळवलं, की पुढच्या वर्षी तिच्या तासिकांची गरज नाही. कारण दिलं नव्हतं. दोन दिवसांनी घरी जेवताना वडील म्हणाले, "जरा सबुरीनं घ्यायला हवं होतंस." तिनं ताट सरकवलं आणि उठून गेली.

निकाल लागला आणि काही दिवसांनी पुंजाजी आणि कोकिळा चिखलीला तिच्या घरी आले. कोकिळा प्रथम श्रेणीत पास झाली होती. बुलढाण्याला पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घ्यायचा होता, आणि तिथलं काहीच माहीत नव्हतं. शरयूनं पेढा तोंडात टाकला आणि सांगितलं, की कॉलेजनं आपल्याला काढलं.

पुंजाजी पाटावरून उठलेच. "काढलं? तुमाले? चोरी त्याईनं केली अन् घरी तुम्ही बसल्या?"

"जाऊ द्या, दादा. आज बुलढाण्याचं काम आहे. मी येते तुमच्याबरोबर."

"जाऊ काऊन द्याचं?"

"बाबा, गाडी चुकीन," कोकिळा म्हणाली. पण तिचाही चेहरा लाल झाला होता.

तिघं स्टँडकडे निघाली. भर बाजारातून पुंजाजी शंकररावांना, त्यांच्या पुतण्याला, वैजनाथ सरांना नावं घेऊन, खड्या आवाजात शिव्या घालत चालले. दुकानदार माना वळवून पाहत होते. ओळखीच्या एका बाईनं शरयूला खुणेनं विचारलं, काय झालं?

कारकुनाच्या घरातली मुलगी होती ती. रस्त्यात आवाज चढवायचा नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलं होतं. तिनं पर्स खांद्यावर नीट घेतली आणि पुंजाजींच्या बरोबरीनं चालत राहिली. त्यांना गप्प बसा म्हणाली नाही.